एका हातातून दुसऱ्या हाती : स्मृतिभ्रंशाविषयी वाचकांचे प्रश्न

स्मृतिभ्रंशाविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे एकत्र वाचायला घेतली, तेव्हा औषधांविषयीचे प्रश्न त्यांत फारच थोडे निघाले. बहुतेक पत्रे दोन अडचणींभोवती फिरतात. या माणसाशी बोलावे कसे, ही पहिली. घर, रुग्णालय, मदतनीस, भावंडे अशी त्याची काळजी एका हातातून दुसऱ्या हाती जाते तेव्हा मधल्या मध्ये बरेच काही सांडते, ते कसे थांबवावे, ही दुसरी. माझ्या लेखी या दोन्ही अडचणी एकच आहेत. ज्याला स्वतःची हकीकत सांगता येत नाही, त्याची हकीकत इतरांनी लक्षात ठेवून पुढच्याला सांगावी लागते, आणि ती सांगता यावी म्हणून आधी त्याचे नीट ऐकावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि दरवर्षी सुमारे १ कोटी लोकांची त्यांत भर पडते. म्हणजे असे ऐकणारे आणि सांगणारे आपल्याला मोठ्या संख्येने लागणार आहेत. निवडक पत्रे, ओळख पटेल असा मजकूर गाळून, पुढे देत आहे.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. अल्झायमरचे निदान होऊन चार वर्षे झाली. रोज संध्याकाळी ती "माझी आई कुठे आहे? मला घरी जायचंय" असे म्हणत दाराशी जाते. माझ्या आजीला जाऊन तीस वर्षे झाली. खरे सांगितले की आई नव्याने रडते. "येईल आत्ता" असे सांगितले की ती शांत होते, पण मला स्वतःचीच लाज वाटते. मी काय करावे?

उत्तर : ही लाज तुम्ही झटकून टाकावी असे मी सांगणार नाही. आईशी खोटे बोलताना मनाला लागते आहे, तोवर ते खोटे केवळ आपल्या सोयीसाठी वापरले जाण्याचा धोका कमी असतो. तरीही रोज खरे सांगण्याचा आग्रह तुम्ही सोडावा, असे मला स्पष्टपणे वाटते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात नव्या घटनेची नोंद मेंदूत टिकत नाही, त्यामुळे आजी गेल्याची बातमी तुमच्या आईला प्रत्येक संध्याकाळी पहिल्यांदाच कळते. बातमी काही मिनिटांत पुसली जाते, दुःख मात्र तितक्या लवकर पुसले जात नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमर असलेल्या १७ जणांना चित्रपटांतील दुःखाचे आणि आनंदाचे प्रसंग दाखवले होते. थोड्या वेळाने त्यांना त्या प्रसंगांतले फारसे काही आठवत नव्हते, पण प्रसंगांनी जागी केलेली भावना टिकून होती. इतकेच नव्हे, ज्यांना कमी आठवत होते त्यांचे दुःख अधिक रेंगाळले. कशामुळे रडू येते आहे हे न कळता रडत बसणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मग बोलावे काय? आई विचारते आहे ते आजीच्या ठावठिकाण्याविषयी असेलच असे नाही. "आई" आणि "घर" या दोन शब्दांत तिच्यासाठी सुरक्षिततेचे सारे अर्थ साठलेले आहेत, आणि संध्याकाळी, उजेड कमी होतो, थकवा वाढतो, घरातली ये-जा वाढते, तेव्हा तिला नेमके तेच हवेसे वाटते. वृद्धांसोबत काम करणाऱ्या नेओमी फील यांनी १९६० च्या दशकापासून जी पद्धत विकसित केली, तिचे सार हेच आहे की वस्तुस्थिती दुरुस्त करत बसण्याऐवजी त्या क्षणीची भावना खरी मानून तिला उत्तर द्यावे. "आज आजीची फार आठवण येतेय ना तुला? ती तुझे केस विंचरायची, तेव्हा काय काय बोलायची गं?" असे विचारून तुम्ही तिच्याजवळ बसलात, तर तुम्ही खोटेही बोलत नाही आणि तिला मरणाची बातमीही देत नाही. सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल. माझ्या स्वतःच्या आईशी असे बोलायला शिकताना मला कित्येक महिने लागले, आणि त्या काळात मी तिला निष्कारण अनेकदा रडवले आहे.

याच्या जोडीला दोन गोष्टी पाहा. आई दाराशी जाण्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडते याची आठवडाभर नोंद ठेवा. तहान, लघवीची भावना, दुखणारा गुडघा, खोलीतला अंधार यांपैकी एखादे कारण नियमाने सापडण्याची बरीच शक्यता असते, आणि ते आधीच दूर केले तर प्रश्नाची तीव्रताच कमी होते. दुसरे असे, की घरातील प्रत्येकाने एकाच रीतीने उत्तर द्यायचे हे ठरवून घ्या. तुम्ही आठवणी काढत बसलात, भावाने "अगं, ती कधीच गेली" असे सांगितले आणि मदतनीस बाई "उद्या येणार आहेत" म्हणाल्या, तर आईच्या हाती गोंधळाखेरीज काही लागत नाही. मात्र एखाद्या निवांत क्षणी तिने तुमच्याकडे रोखून पाहत "माझी आई गेली का गं?" असे विचारले, तर ते उत्तर तिने मागितलेले आहे. तेव्हा खरे सांगावे, हात हातात घेऊन सांगावे, आणि लगेच उठून जाऊ नये.

प्रश्न : आजोबांना काही विचारले तर ते उत्तरच देत नाहीत. आम्ही मोठ्याने, पुन्हा पुन्हा विचारतो, मग ते चिडतात. त्यांना समजतच नाही असे धरून चालावे का?

उत्तर : तसे अजिबात धरू नका. आधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. कानात साचलेला मळ, बंद पडलेले श्रवणयंत्र किंवा जुन्या नंबरचा चष्मा यांमुळे माणूस आहे त्याहून कितीतरी अधिक गोंधळलेला दिसतो. त्यानंतर तुमच्या बोलण्याचा वेग पाहा. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, त्यांना ज्या नावाने हाक मारलेली आवडते त्या नावाने हाक मारा, दूरचित्रवाणी बंद करा, एका वेळी एकच छोटे वाक्य बोला आणि मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्या वेळात आपण अस्वस्थ होऊन तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, आणि त्यांनी अर्धे जुळवलेले उत्तर विस्कटते. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मोठ्या आवाजात चेहरा आणि सूर दोन्ही रागावल्यासारखे होतात, आणि शब्द निसटू लागलेला माणूस सुरावरूनच अर्थ लावत असतो. ज्यांनी आयुष्याचा बराच काळ दुसऱ्या भाषेत काम केले, त्यांची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मागे पडते, म्हणून त्यांच्या लहानपणच्या भाषेत बोलून पाहा.

आणि एक विनंती. भेटायला येणारे पाहुणे "मला ओळखलंत का? सांगा पाहू मी कोण?" असे विचारतात, ते थांबवा. प्रेमाने विचारलेला असला, तरी तो प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षा असतो आणि त्या परीक्षेत ते सगळ्यांदेखत नापास होतात. "मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तुम्हाला भेटायला आलोय" असे पाहुण्याने स्वतःच सांगावे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे, पण ते घरात फिरत होते, स्वतः जेवत होते. मांडीचे हाड मोडल्याने त्यांना एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले. दुसऱ्या रात्री ते ओरडू लागले, नळ्या ओढू लागले. त्यांचे हात बांधले गेले आणि झोपेचे औषध दिले गेले. "यांना डिमेन्शिया आहे, असे होणारच" असे आम्हाला सांगण्यात आले. घरी आले ते ओळखू न येण्याइतके बदलून. आमचे काय चुकले? आणि पुन्हा दाखल करायची वेळ आली तर काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले "असे होणारच" हे वाक्य मला फार खटकले, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

स्मृतिभ्रंश महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. एका रात्रीत माणूस बदलला, तर तो बदल स्मृतिभ्रंशाच्या खात्यावर टाकता येत नाही. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत सुरू होणाऱ्या, दिवसभरात कमी-जास्त होणाऱ्या आणि लक्ष एका जागी ठरू न देणाऱ्या या अवस्थेला डेलिरियम, म्हणजे तीव्र संभ्रम, असे म्हणतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो होण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो, आणि त्यामागे बहुधा शोधून काढता येण्यासारखे कारण असते. जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, पुरेसे न शमवलेले दुखणे, भूल, मोडलेली झोप, नवे औषध किंवा अचानक बंद केलेले जुने औषध. बऱ्याचदा यांतली दोन-तीन कारणे एकत्र असतात. ओरडणारा रुग्ण निदान सगळ्यांना दिसतो तरी. डेलिरियमचा दुसरा प्रकार असा, की माणूस गप्प होतो, पेंगतो, जेवण ढकलून देतो, आणि "आज शांत आहेत" असे म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. हा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण तो ओळखलाच जात नाही.

येथेच घरच्यांचे काम सुरू होते. सासरे दोन आठवड्यांपूर्वी कसे होते, हे रुग्णालयातल्या कुणाला ठाऊक असण्याचे कारणच नाही. तीन पाळ्यांमध्ये बदलणाऱ्या परिचारिकांना पलंगावर दिसतो तो एक गोंधळलेला वृद्ध, आणि ते नेहमी असेच असावेत असा समज होणे स्वाभाविक आहे. म्हणून दाखल करताना पहिले वाक्य हे असावे : "परवापर्यंत ते स्वतः चालत होते, स्वतः जेवत होते, आम्हाला ओळखत होते, हा बदल नवा आहे." "हा बदल नवा आहे" हे शब्द आवर्जून उच्चारा आणि कागदावर लिहून घ्यायला सांगा. त्यावरून डॉक्टरांना कारण शोधण्याची दिशा मिळते.

झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या औषधांविषयी घरच्यांनी थोडे जाणून असावे. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरील काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ साली नव्या औषधांबाबत आणि २००८ साली जुन्या औषधांबाबतही दिला. ही औषधे कधीच देऊ नयेत असा याचा अर्थ नव्हे. रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असते, तेव्हा ती थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस द्यावी लागतात. परंतु लुई बॉडी या प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल, तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अंग लाकडासारखे ताठरून जीवावरही बेतू शकते. असे निदान किंवा असा पूर्वानुभव असेल, तर तो फाईलच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत असलाच पाहिजे. ॲलर्जीकरिता किंवा लघवीच्या घाईकरिता दिल्या जाणाऱ्या काही गोळ्याही संभ्रम वाढवतात, म्हणून प्रत्येक नव्या गोळीबाबत "याने गोंधळ वाढेल का?" असे विचारायला संकोच करू नका.

पुढच्या वेळेसाठी आतापासूनच एक कागद तयार ठेवा. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटी अशाच उपयोगासाठी 'धिस इज मी' नावाची छापील पत्रिका देते. तुम्ही साध्या कागदावर लिहिलीत तरी चालेल. आजारांची यादी फाईलमध्ये असतेच. या कागदावर फाईलमध्ये नसलेले लिहायचे. त्यांना कोणत्या नावाने हाक मारावी, कोणती भाषा समजते, कोणत्या कानाने ऐकू येते, चष्मा आणि कवळी केव्हा लागते. लघवीला जायचे असले की ते काय करतात : कुणी कपडे चाचपतात, कुणी उगाच उठ-बस करतात. दुखत असले की चेहरा कसा होतो, कशाने घाबरतात आणि कशाने शांत होतात. घास गिळताना काय सांभाळावे लागते. कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला. रात्री-अपरात्री कुणाला फोन करावा. हे सारे एकाच पानावर मावले पाहिजे, कारण दुसरे पान कुणी उलटत नाही. आणि वर तारीख हवी, कारण सहा महिन्यांपूर्वीचा कागद आजच्या माणसाविषयी चुकीचे सांगू शकतो. एक प्रत फाईलला, एक पलंगाशी आणि एक छायाचित्र घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

कागदाहून मोठा उपाय म्हणजे ओळखीचा माणूस जवळ असणे. ब्रिटनमध्ये लेखिका निकी जेरार्ड यांचे वडील जॉन यांना स्मृतिभ्रंश होता. पायावरच्या जखमांसाठी ते रुग्णालयात पाच आठवडे राहिले, त्या काळात घरच्यांच्या भेटींवर बंधने होती, आणि घरी परतले ते सर्वस्वी परावलंबी होऊन. त्यानंतर जेरार्ड आणि त्यांची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी २०१४ साली 'जॉन्स कॅम्पेन' ही मोहीम सुरू केली. तिची मागणी साधी होती : स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाजवळ त्याची काळजी घेणाऱ्या माणसाला राहू द्यावे. पुढे तेथील अनेक रुग्णालयांनी ती मान्य केली. तुमच्याकडे भेटीच्या वेळा काटेकोर असतील, तर दाखल करतानाच वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेशी बोला. आपण पाहुणे म्हणून नव्हे, त्यांच्या कामाला मदत म्हणून थांबत आहोत, हे सांगा आणि तसे वागा. जेवण भरवणे, चष्मा व श्रवणयंत्र लावणे, दिवसा जागे ठेवणे, पाणी देणे, चालवणे या साध्या गोष्टींनी डेलिरियम होण्याची शक्यता खरोखर कमी होते. हात बांधण्याने उलट धडपड आणि भीती वाढते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड हाती आले की निघायची घाई करू नका. कोणती गोळी नवी, कोणती बंद, कोणाची मात्रा बदलली, का बदलली आणि ती किती दिवस घ्यायची, हे जुन्या यादीशेजारी ठेवून एकेक विचारा. रुग्णालयातल्या चार रात्रींसाठी सुरू झालेली झोपेची गोळी घरी वर्षभर चालू राहिल्याचे मी पाहिले आहे, केवळ ती कुणी थांबवायची हे कुठेच लिहिलेले नव्हते म्हणून. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत आजही त्या यादीची फेरतपासणी करून घ्या. डेलिरियम ओसरायला आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून त्यांची आजची अवस्था कायमची मानून मोठे निर्णय घेऊ नका. काही जण पूर्वीच्या पातळीला येत नाहीत, हेही खरे आहे, आणि ते लपवणे योग्य होणार नाही. तुमचे काय चुकले, असे तुम्ही विचारले आहे. जे तुम्हाला कुणी सांगितलेच नव्हते, ते तुम्ही केले नाही, याला मी चूक म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही तीन भावंडे वडिलांना प्रत्येकी चार महिने सांभाळतो. प्रत्येक बदलानंतर त्यांचे बिनसते, आणि आमच्यात "तुझ्याकडे असताना असे झाले" यावरून वाद होतात. हा क्रम चुकीचा आहे का?

उत्तर : वडिलांच्या दृष्टीने पाहिले तर एकच घर चांगले. नवी खोली, रात्री न सापडणारे स्वच्छतागृह, बदललेला दिनक्रम हे सारे त्यांना नव्याने शिकावे लागते, आणि नवे शिकण्याची शक्तीच या आजारात सर्वांत आधी जाते. शक्य असेल तर वडिलांना एका जागी ठेवा आणि भावंडांनी पाळीपाळीने तेथे येऊन राहा किंवा खर्च व रजा वाटून घ्या. एकाच माणसावर सगळा भार पडून तो मोडून पडणार असेल, तर मात्र फिरते घर पत्करावे; थकून चिडलेला एक मुलगा आणि ताजीतवानी असलेली तीन मुले यांत मी दुसरा पर्याय निवडीन.

बदल टळत नसेल, तर बदलत्या घरात जे स्थिर ठेवता येईल ते ठेवा. तेच अंथरूण-पांघरूण, तीच खुर्ची, पलंगाच्या त्याच बाजूला दिवा, उठण्या-झोपण्याच्या आणि गोळ्यांच्या त्याच वेळा. शक्यतो डॉक्टर एकच ठेवा, कारण घरागणिक डॉक्टर बदलले की औषधांच्या तीन याद्या तयार होतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. सोपवणारा आणि स्वीकारणारा यांनी निदान एक दिवस एकत्र काढावा. वडिलांसोबत एक वही फिरू द्या. तिच्यात रोज तीन-चार ओळी पुरेत : झोप, जेवण, पोट साफ होणे, चालणे, काही नवे घडले असल्यास ते, आणि आज त्यांना कशाने बरे वाटले ते. "फार त्रास दिला" असे लिहू नये, "रात्री दोन वाजता उठून दार उघडायला गेले, लघवी झाल्यावर झोपले" असे लिहावे. पहिल्या वाक्यावरून वाद होतो, दुसऱ्यावरून पुढच्या रात्री काय करायचे ते कळते. पगारी मदतनीस बदलतात त्या घरांनाही हेच लागू आहे. वही लिहिणे मदतनिसांना जमत नसेल, तर त्यांनी फोनवर बोलून ठेवलेला संदेश चालेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई आता बोलत नाहीत. आंघोळीच्या वेळी किंचाळतात, मारतात. हा स्वभाव समजावा की आजार?

उत्तर : आधी दुखणे समजावे. शब्द गेले की शरीरच बोलू लागते, आणि किंचाळणे हे त्याचे वाक्य असू शकते. अशा रुग्णांसाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली पेनॅड नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यात श्वास, कण्हणे किंवा ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, अंगाची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होतात की नाही या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. घरी गुण मांडत बसायला हवे असे नाही, पण स्वस्थ बसलेल्या असताना आणि हात उचलताना या पाच गोष्टींत काय फरक पडतो, ते पाहा. आखडलेला खांदा, दुखरा दात, पाठीवरची जखम, असे काही निघेल. डॉक्टरांच्या सल्ल्याने आंघोळीच्या तासभर आधी वेदनाशामक देऊन पाहता येते. त्याखेरीज थंड खोली, डोक्यावर अचानक पडणारे पाणी आणि उघडे पडण्याची लाज ही कारणे असतात. अंगावर टॉवेल ठेवून, पायांपासून सुरुवात करून, पुढे काय करणार हे प्रत्येक वेळी सांगत, एकाच व्यक्तीने हे काम करावे. रोज आंघोळ झालीच पाहिजे असे नाही. पलंगावर ओल्या कापडाने अंग पुसणेही पुरते.

प्रश्न : मी वृद्धांच्या निवासी केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे प्रत्येकाची जाडजूड फाईल आहे, तरी नव्या पाळीतल्या मुलीला समोरच्या बाईंविषयी काहीच ठाऊक नसते. आम्हाला वेळ कमी असतो. काय बदलता येईल?

उत्तर : तुम्ही मांडलेली अडचण खरी आहे. फाईल ज्यांच्यासाठी लिहिली जाते ते निरीक्षक आणि डॉक्टर. ज्यांचे हात दिवसभर त्या बाईंना लागतात, त्यांच्यासाठी ती कुणी लिहीत नाही. पाळी बदलताना पलंगापाशी उभे राहून, त्या बाईंना नावाने संबोधून, दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगायची सवय लावा : आज नेहमीपेक्षा वेगळे काय दिसले, आज कशाचा उपयोग झाला, पुढच्या पाळीने कशावर लक्ष ठेवावे. सफाई करणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या मदतनिसांनाही त्यात घ्या. जेवण उरते आहे हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

नोंदीत शिक्के मारणे टाळा. "आक्रमक", "असहकार्य" असे शब्द एकदा लिहिले गेले की पुढची प्रत्येक पाळी त्या शब्दाशीच बोलू लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की घाई करणे, डोक्यावरून एकमेकांशी बोलणे, लहान मुलासारखे वागवणे, फसवून काम करून घेणे या रोजच्या वागण्यानेही माणसाचे माणूसपण झिजते, आणि असे वागणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. येथे मला अलॉइस अल्झायमर यांची, म्हणजे ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जर्मन डॉक्टरांची, आठवण होते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना त्यांनी प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली. नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. पतीचे नाव? मला वाटते, ऑगस्टे. "मी स्वतःला हरवून बसले आहे" असेही त्या म्हणाल्याची नोंद आहे. ती फाईल पुढे अनेक दशके हरवली होती आणि १९९५ साली सापडली. "रुग्ण गोंधळलेली" एवढेच लिहिले असते तर आज आपल्याला त्या बाईंविषयी काहीही कळले नसते. तुमच्या नोंदवहीत रोज एका निवासीचे एक वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरवून पाहा. त्याला अर्धा मिनिट पुरतो, आणि नव्या पाळीतल्या मुलीला बोलणे कुठून सुरू करावे ते त्यावरून कळते.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पाच महिन्यांपूर्वी मला अल्झायमरची सुरुवात असल्याचे सांगण्यात आले. आता डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा सुनेशी बोलतो, आणि मी मध्ये बसलेला असतो. मला अजून पुष्कळ कळते. पुढे कळणार नाही, तेव्हासाठी मी आज काय करून ठेवावे?

उत्तर : सर, आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. तुम्हाला वगळून तुमच्याविषयी बोलले जाते, हे थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि तो निदानाने काढून घेतला जात नाही. मुलाला एकदा शांतपणे सांगा की डॉक्टरांकडे त्याने सोबत यावे, तुम्ही विसराल ते भरून काढावे, पण आधी तुम्हाला बोलू द्यावे. भेटीपूर्वी दोन-तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि उत्तरे त्याच चिठ्ठीवर लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करा.

आर्थिक व्यवहार, मृत्युपत्र, तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा याची कायदेशीर व्यवस्था ही कामे आधी उरका, कारण त्यांवरील सही ग्राह्य धरली जाण्यासाठी तुम्हाला व्यवहार समजत असणे आवश्यक असते. उपचारांविषयी तुमच्या इच्छा काय आहेत, शेवटच्या काळात काय हवे आणि काय नको, हे मुलगा, सून आणि डॉक्टर तिघेही समोर असताना बोला. हे बोलणे मुलाला जड जाईल. पण तुम्ही गप्प राहिलात, तर पुढे एखाद्या रात्री, रुग्णालयाच्या मार्गिकेत, त्याला ते एकट्याला ठरवावे लागेल.

यापुढचे काम फक्त तुम्हीच करू शकता. वर एका पत्राच्या उत्तरात ज्या कागदाविषयी लिहिले आहे, तो बहुतेक घरांत मुले अंदाजाने भरतात. तुम्ही तो स्वतःच्या हस्ताक्षरात भरा. सकाळी उठल्यावर किती वेळ कुणी बोललेले आवडत नाही, कोणता आवाज सहन होत नाही, उजेडात झोप लागते की अंधारात, कुणी परक्याने अंगाला हात लावला तर कसे वाटते, घाबरल्यावर एकटे राहावेसे वाटते की कुणी जवळ असावेसे वाटते, विद्यार्थी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारत. दर तीन महिन्यांनी तो वाचून दुरुस्त करा, आणि जुना फाडू नका. दोन कागदांतील फरक डॉक्टरांना उपयोगी पडतो. पहिला कागद या आठवड्यात लिहा, सुनेला वाचून दाखवा आणि तिला काय कळले नाही ते विचारा. पुढच्या भेटीला गेलात की डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर तुम्ही बसा, मुलाला बाजूच्या खुर्चीवर बसू द्या, आणि तो कागद तुमच्या हाताने टेबलावर ठेवा.